समुद्र निळा दिसतो तो रामन इफेक्टमुळे नाही

संपादकसाहेब, नमस्कार,

पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका शेवटचं कापा.

झालं असं की विज्ञान दिनाचं तुमचं जे पान आलं होतं ना सी. व्ही. रामन यांच्यावर, ते माझ्या लेकीनं शाळेतल्या भाषणासाठी कात्रीनं नीट कापून ठेवलं, आणि संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते तेव्हा ओट्याजवळ उभी राहून पाठ म्हणून दाखवत होती. "रामन इफेक्टमुळे समुद्राचं पाणी निळं दिसतं." मी म्हटलं थांब, परत म्हण. परत तेच. म्हटलं कुठून आणलंस हे, तर म्हणे पेपरात छापलंय. हातातलं लाटणं ठेवून बघितलं तर खरंच छापलंय, ते पण चौकटीत, ठळक अक्षरात. वर अजून एक गंमत, हेडिंगमध्ये 'रमण', फोटोखाली 'रामन' आणि चौकटीत 'रमन'. लेक विचारते, आई हे तिघं भाऊ होते का?

आता हसून सोडून दिलं असतं, पण मी औषधाच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या खात्यात आहे, वीस वर्षं झाली, आणि हे नाव मी दिवसातून किमान पंचवीस वेळा उच्चारते. जयंती पुण्यतिथीला नाही हो, रोज, कारण आमच्याकडे माल ओळखायच्या टेस्टचंच नाव रामन. "त्या लॉटचा रामन झाला का?" "सात नंबरचा ड्रम रामनला फेल आलाय." "आधी रामन मार, मग सॅम्पल काढ." आमच्या स्टोअरमधला पोरगा बारावी झालेला आहे, त्याला नोबेल कोणत्या साली मिळालं विचारलं तर सांगता येणार नाही, पण रामन म्हणजे काय ते त्याला तुमच्या त्या पानापेक्षा जास्त माहितीय. म्हणून राहवलं नाही.

आधी समुद्राचं निस्तरते. रामन १९२१ मध्ये इंग्लंडला गेले होते आणि येताना 'नारकुंडा' नावाच्या बोटीतून भूमध्य समुद्रावरून आले, हे खरं. तोपर्यंत मोठमोठे लोक म्हणायचे, शास्त्रज्ञ रॅले तर नक्कीच म्हणाले होते, की समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचंच प्रतिबिंब. रामननी खिशातल्या निकोल प्रिझम नावाच्या स्फटिकाच्या तुकड्यानं पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड अडवला आणि मग पाण्याकडे बघितलं, तर रंग कमी व्हायच्या ऐवजी जास्तच गडद निळा. म्हणजे नुसतं प्रतिबिंब नव्हे, पाणी स्वतःच काहीतरी करतंय. लगेच 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाला कळवलं. पण हे १९२१ चं, आणि ज्याला आपण रामन इफेक्ट म्हणतो तो १९२८ चा. मध्ये सात वर्षं गेली. समुद्रानं त्यांना प्रकाशाच्या विखुरण्याच्या नादाला लावलं, एवढाच संबंध. निळ्या आकाशाचं कारण रॅले यांचं विखुरणं (हवेच्या रेणूंवरून निळा उजेड जास्त विखुरतो ते), आणि समुद्र निळा मुख्यतः यासाठी की पाणी उजेडातला तांबडा भाग गिळतं, त्यात विखुरण्याचीही थोडी भर पडते. रामन इफेक्ट त्या मानानं इतका क्षीण असतो की त्याच्या जिवावर समुद्र काय, घरातली बादलीपण निळी होणार नाही.

किती क्षीण ते सांगते. प्रकाशाचे कण एखाद्या पदार्थाच्या रेणूंवर आपटून विखुरतात, त्यातले जवळजवळ सगळे जसे गेले तसेच परत येतात, तोच रंग, तीच ऊर्जा. पण ढोबळमानानं एक कोटीत एखादा कण असा निघतो की तो रेणूला हलवून येतो, थोडी ऊर्जा तिथं ठेवून येतो, त्यामुळे त्याचा रंग किंचित बदललेला असतो. किती बदलला हे मोजलं की तो रेणू कसा कंप पावतो ते कळतं, आणि प्रत्येक पदार्थाचं कंप पावणं वेगळं. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, आवाजावरून कळतं पक्का भाजलाय का तडा गेलाय, तसंच हे, फक्त टिचकी उजेडाची आणि ऐकायचं ते डोळ्यानं.

आवाजावरून आठवलं, हे तुमच्या पानात नव्हतंच. रामन प्रकाशाच्या विखुरण्याकडे वळायच्या आधी वाद्यांच्या मागे होते. मृदंग तबल्यावर त्यांचं काम आहे, १९२० मध्ये छापलेलं, की बाकीच्या ढोल-ताशांचा आवाज गदळ का येतो आणि आपल्या तबल्याला सूर का असतो, तर मधे जी काळी शाई लावलेली असते तिच्या वजनामुळे वरचे स्वर बरोब्बर पटीत बसतात. माझे वडील तबला वाजवायचे, ते शाईचं हे सांगायचे, पण रामन यांचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मला वाटतं ज्या माणसानं चामड्याचं थरथरणं इतकं कान देऊन ऐकलं त्यालाच रेणूचं थरथरणं ऐकू आलं, हा आपला माझा तर्क, शास्त्रज्ञ मंडळींनी हसू नये.

बरं तर, नाव. रामन की रमण. तामिळमध्ये 'रा' दीर्घ आहे त्यामुळे 'रामन' बरोबर असं माझं मत, पण मी काही भांडायला बसले नाही, मी मूळची नागपूरची, आणि आम्ही गांधीसागरच्या काठावरचं ते केंद्र १९९२ ला उघडलं तेव्हापासून रमण विज्ञान केंद्रच म्हणत आलोय, शाळेची ट्रिप तिथंच जायची. आमच्या कंपनीतले यूपीकडचे लोक 'रमन' म्हणतात. चालतंय. फक्त एका पानावर एकच ठेवा. आणि दुसरं म्हणजे तुम्ही 'रामन हे आडनाव' असं लिहिलंय, ते आडनाव नाहीये. त्यांचं स्वतःचं नाव वेंकटरामन. पुढचं 'सी' म्हणजे चंद्रशेखर, ते वडिलांचं नाव. तामिळ लोकांत आडनाव लावायची आपल्यासारखी रीत नाही. म्हणजे जगभर ज्याला रामन इफेक्ट म्हणतात ते आपल्या भाषेत 'कुलकर्णी इफेक्ट' म्हटल्यासारखं नसून 'सुरेश इफेक्ट' म्हटल्यासारखं आहे, घरातल्या हाकेच्या नावानं.

आणि त्या 'सी'ची अजून मजा बघा. रामन यांच्या थोरल्या भावाचा मुलगा म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, तेच ते, पांढरा खुजा तारा सूर्याच्या साधारण १.४ पटीपेक्षा जड होऊन टिकू शकत नाही ती 'चंद्रशेखर मर्यादा' ज्यांची, नोबेल १९८३. त्यांना आजोबांचं नाव ठेवलेलं. १९९९ मध्ये नासानं एक्स-रे दुर्बीण वर सोडली तिला त्यांच्यावरून 'चंद्रा' नाव दिलं. म्हणजे रामन यांच्या नावातला सी आणि अवकाशात फिरणारी ती चंद्रा, दोन्ही एकाच माणसाच्या नावावरून, आणि ते आजोबा भौतिकशास्त्र शिकवणारे साधे लेक्चरर. एका घरातली दोन नावं विज्ञानात कायमची बसली, असं किती घरांत झालं असेल!

रामन इफेक्ट हे नाव रामननी स्वतः दिलं नाही हे पण लिहायला हवं होतं. २८ फेब्रुवारी १९२८ ला कलकत्त्यात, बहूबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये हे स्पष्ट दिसलं, बरोबर के. एस. कृष्णन होते, 'नेचर'मधल्या पत्रावर दोघांची नावं आहेत. ते स्वतः 'न्यू रेडिएशन' म्हणायचे, नवं किरण. त्याच वर्षी जर्मनीत पीटर प्रिंग्सहाइम नावाच्या शास्त्रज्ञानं त्यावर लेख लिहिला आणि मथळ्यातच 'रामनइफेक्ट' असा शब्द जोडून टाकला, आणि तो चिकटला तो चिकटलाच. रशियात मात्र अजून हे नाव पूर्ण रुळलेलं नाही. तिकडे मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम या दोघांनी त्याच महिन्यात क्वार्ट्झच्या स्फटिकात हेच बघितलं होतं, पण छापायला उशीर झाला, नोबेल १९३० चं एकट्या रामन यांना गेलं, आणि रशियन पुस्तकांत आजही त्याला 'कॉम्बिनेशन स्कॅटरिंग' अशा अर्थाचा शब्द आहे. त्यांचं दुखणं मी समजू शकते. कृष्णन यांचंही नाव त्या इफेक्टला लागलं नाही, पुढे ते दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे पहिले संचालक झाले, पण तुमच्या पानात त्यांची एक ओळ तरी हवी होती की नको?

एक सांगू, आमच्या एका आलेखात तीन साहेब शेजारी शेजारी बसलेले असतात. मधे जो सगळ्यात उंच सुळका असतो तो रॅले, म्हणजे जसा गेला तसाच परत आलेला उजेड. त्याच्या एका बाजूला ऊर्जा हरवून आलेल्या रेषा, त्यांना स्टोक्स म्हणतात. दुसऱ्या बाजूला ऊर्जा घेऊन आलेल्या, त्या अँटी-स्टोक्स (स्टोक्स साहेबांच्या विरोधात कोणी मोर्चा काढलेला नाही, नावच तसं आहे). आणि या दोन्ही बाजूच्या रेषा मिळून जे होतं त्याला रामन. नवीन पोरं आली की मी हे असंच शिकवते, लक्षात राहतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं टाइप करतेय. तुमच्या पानात शेवटी लिहिलं होतं की हा 'भारताच्या इतिहासातला सोनेरी क्षण' आहे. इतिहास? अहो काल रात्रपाळीत वापरला आम्ही!

आमच्याकडे कच्चा माल ड्रममधून येतो, आत पॉलीबॅग असते. मालावर लेबल असतं, बरोबर व्हेंडरचं सर्टिफिकेट असतं, पण लेबलवर विश्वास ठेवून औषध बनवता येत नाही, ओळख पटवावी लागते, आणि काही देशांत माल पाठवायचा तर एकूण एक ड्रमची. पूर्वी मी लागले तेव्हा प्रत्येक सॅम्पल लॅबमध्ये न्यायचं, केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइडच्या पावडरीत) खलायचं, पेलेट म्हणजे चकती दाबायची, आयआर (इन्फ्रारेड उजेडाचा आलेख) काढायचा, पावसाळ्यात तर ती पेलेट ओल धरायची आणि पाण्याचा मोठा पट्टा यायचा की डोकं उठायचं. आता हातात मावेल असं मशीन आहे, आम्ही त्याला गन म्हणतो, पिशवी न फोडता बाहेरूनच पॉलिथिनवर टेकवायचं, लेसर पिशवीतून आत जातो, एक मिनिटाच्या आत स्क्रीनवर हिरवं किंवा लाल. बाटलीतलं द्रव असेल तर काचेतूनच. पाणी फार आड येत नाही कारण पाण्याचा स्वतःचा रामन सिग्नल कमकुवत आहे. रामन यांच्याकडे काय होतं? सूर्याचा उजेड, रंगीत काचा, पुढे पाऱ्याच्या वाफेचा दिवा, एक छोटा स्पेक्ट्रोस्कोप, आणि डोळे. लेसर १९६० मध्ये आला, त्याच्या आधी हा इफेक्ट बघायला तासन् तास फोटोप्लेट उघडी ठेवायचे लोक.

एकदा मॅनिटॉलचा, म्हणजे औषधात घालायच्या एका पावडरचा, लॉट आला होता, चाळीसेक ड्रम. एक लाल. पोराला वाटलं गनची काच खराब झाली, पुसली, परत लाल. मग मला फोन, रात्री सव्वाअकराला. गेले, स्वतः मारून बघितला, लाल. सॅम्पल लॅबला पाठवलं तर आत सॉर्बिटॉल. दोन्ही पांढरी पावडर, दोन्ही गोड, आणि फॉर्म्युला पण एकच, सहा कार्बन, चौदा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन, वजनात सुद्धा फरक नाही, फक्त रेणूत एका जागी एक गट उलटा बसलेला. डोळ्याला, जिभेला, वजनकाट्याला कशालाच कळलं नसतं. व्हेंडरकडे पॅकिंगला लेबल बदललं होतं म्हणे. त्या दिवशी घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, आज रामननी वाचवलं, तर तो म्हणे कोण रामन, नवीन मॅनेजर आला का.

तो ड्रम तसाच पुढे गेला असता तर कदाचित नुसती बॅच वाया गेली असती, माणसं मेली नसती. पण प्रत्येक वेळी तेवढ्यावर भागत नाही. १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं निघालं आणि चौदा रुग्ण गेले, न्या. लेंटिन यांचा आयोग बसला होता, जुन्या वाचकांना आठवत असेल. आणि परवा परवा २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लहान लहान मुलं कफ सिरपनं गेली, कितीतरी जणांना नागपूरला आणलं होतं, माझ्या माहेरच्या गावात, मला ते वाचवत नव्हतं. तामिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, अठ्ठेचाळीस! ग्लिसरिन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि हे विष, तिन्ही बिनरंगी, दाटसर, गोडसर, पण रामन आलेख तिघांचे वेगवेगळे. कच्च्या मालातच एवढी भेसळ असेल तर माल वापरात घ्यायच्या आधीच कळू शकतं. मी असं म्हणत नाही की रामन पुरेसा आहे, परवानगीची मर्यादा ०.१ टक्के आहे आणि इतकं बारीक पकडायला गॅस क्रोमॅटोग्राफीच (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची टेस्ट) लागते, ती टेस्ट टाळून चालतच नाही. पण पहिला चौकीदार म्हणून हा माणूस दारात उभा आहे, ते लोकांना कळायला नको का?

सगळीकडे चालतो असंही नाही, खोटं कशाला सांगू. साधं मीठ, आपलं स्वयंपाकघरातलं, रामनला जवळजवळ दिसतच नाही, त्याच्या स्फटिकाची रचनाच अशी आहे की सरळ सिग्नल देत नाही, सलाइनवाल्यांना दुसरी टेस्ट करावी लागते. धातूंचंही तसंच, लोखंडाच्या तुकड्यावर गन टेकवून काही उपयोग नाही. काही सेल्युलोज असं चकाकतं की त्या चकाकीत रामन बुडून जातो. गडद तपकिरी बाटली पण त्रास देते. ऑडिटर आले की नेमका हाच प्रश्न विचारतात.

आमच्या शेडच्या बाहेरपण नाव फिरतंय. हिऱ्याची रेष रामन आलेखात १३३२ या आकड्यावर येते, त्यावरून हिरा आणि अमेरिकन डायमंड लगेच वेगळे करता येतात (लॅबमध्ये वाढवलेला हिरा मात्र तिथंच येतो कारण तो पण हिराच, तिथं दुसऱ्या टेस्ट लागतात, सराफाकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा). रामन यांना स्वतःला हिऱ्यांचं भारी वेड होतं, खूप जमवले होते त्यांनी. जमिनीखालच्या फायबर केबलमध्ये सिग्नल वाढवायला रामन अॅम्प्लिफायर असतात, बोगद्यात आग लागली का हे फायबरवरूनच कळतं ते पण स्टोक्स आणि अँटी-स्टोक्सचं प्रमाण बघून. आणि १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीच्या हाताला 'शेरलॉक' नावाचं यंत्र आहे, ते नाव म्हणजे आद्याक्षरं जोडून केलंय, त्यातला 'आर' रामनचा. मंगळावरच्या दगडाला टिचकी मारतंय ते, आत सेंद्रिय काही आहे का म्हणून. हे सोडून तुम्ही फेटा घातलेला तोच फोटो छापलात आणि खाली निळा समुद्र.

नागपूरबद्दल एक राहिलं. रामन नोकरीला लागले ते प्रोफेसर म्हणून नाही, सरकारच्या हिशेब खात्यात, १९०७ ला, वय अठरा. कलकत्ता, मग रंगून, आणि १९१० मध्ये बदली होऊन नागपूर. ऑफिसच्या आधी आणि नंतर प्रयोग करायचे, आणि १९१७ मध्ये ती मोठ्या पगाराची नोकरी सोडून कमी पगारावर कलकत्ता युनिव्हर्सिटीत गेले. आमच्या गावात आलेला हा माणूस, पण तुमच्या विदर्भाच्या पुरवणीत ही ओळ मी आजवर बघितली नाही. असेल आली तर माझं चुकलं.

तर माझी मागणी छोटी आहे. एक, समुद्राची चूक दुरुस्त करून छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात छापली तरी चालेल, कारण ते कात्रण कापणारी माझी लेक एकटी नसणार. दोन, २०२८ ला या शोधाला शंभर वर्षं होतील, तेव्हा मुलाखत घ्यायला तेच ते दोन-चार मोठे लोक पकडू नका, एखाद्या स्टोअरमधल्या पोराला पकडा ज्याच्या हातात गन आहे, किंवा कस्टमवाल्याला, किंवा हिरे तपासणाऱ्या बाईला, आणि विचारा रामन म्हणजे काय. रोज नाव घेतात ती लोकं.

लेकीनं भाषण बदललंय. समुद्राच्या जागी माठ घातलाय, वर्गात माठ नेऊन टिचकी मारून दाखवणार आहे म्हणे, तडा गेलेला एक आणि चांगला एक. चांगला माझ्या घरातला आहे हे तिला परत एकदा सांगायला हवं.

आपली वाचक,
क्यूसी विभागातली एक केमिस्ट, छत्रपती संभाजीनगर

(नाव छापू नका प्लीज, कंपनीत परवानगीशिवाय पेपरला लिहिलेलं चालत नाही.)